ओलीवरचं पांघरूण

धाराशिवला आम्ही बिऱ्हाड केलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी घरमालकिणीचं परस झाडून लख्ख केलं, आणि तिथंच माझं नाव बुडालं.

नवा संसार, नवं गाव. आईनं पाठवणी करताना बजावलेलं, "दुसऱ्याच्या घरात राहायचं तर काम दिसू दे, तोंड दिसू देऊ नको." म्हणून उजाडताच खराटा हाती घेतला. परसात जिकडंतिकडं पाला. वांग्यांच्या बुडाशी पाला, लिंबोणीच्या आळ्यात पाला, आणि मिरच्यांच्या वाफ्यात तर कडुलिंबाचा पाला, गव्हाचं भूस, उसाची चिपाडं असा वीतभर थर. मला वाटलं, घरमालकीण म्हातारी, होत नसेल बिचारीला झाडणं. सगळं ओढून काढलं, ढीग केला, आणि काटकसरी गृहिणी म्हणून त्यातला निम्मा बंबात घातला. बंब असा पेटला की आमचे यजमान न्हाणीतून ओरडले, "अगं, मला अंघोळ घालायलीस का डाळ शिजवायलीस?"

धूर बघून घरमालकीण काकू मागच्या दारात आल्या. ठेंगण्या, वाळलेल्या, विटकं लाल लुगडं, केस उतरवलेल्या डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मी अदबीनं खराटा बाजूला ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

"काय पेटवलंस?"

"पाला, काकू. फार घाण झाली होती ना परसात."

"घाण." त्यांनी तो शब्द खडा लागल्यासारखा तोंडात फिरवला. "आणि वाफे उघडे केलेस."

"हो. बघा ना कसे स्वच्छ दिसायलेत."

"तुझ्या आईनं तुला थंडीच्या दिवसांत कधी उघडं निजवलं होतं का गं?"

"नाही."

"मग माझ्या मिरच्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

मी रडायच्या बेतात आले. पण रडायला त्यांनी सवडच दिली नाही. माझ्या हातात गोणपाटाचं पोतं दिलं आणि म्हणाल्या, "चल. जाळलंस तेवढं भरून आणायचं." अशा रीतीनं गावातल्या पहिल्याच आठवड्यात मी, नव्या मास्तरांची नवी बायको, डोक्यावर पदर आणि पाठीवर पाल्याचं पोतं घेऊन कोर्टापुढच्या रस्त्यानं आले. समोरून शाळेचे हेडमास्तर आले. त्यांनी नमस्कार केला. माझे दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून मी नुसती मान हलवली. पुढं कितीतरी दिवस ते आमच्या ह्यांना विचारत होते की, घरी गाय घेतली का?

काकूंचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तोंडावर सगळे काकू म्हणत, पाठीमागं पालेवाली. त्यांचे यजमान निजामाच्या वेळी कोर्टात पेशकार होते. ते ऐन तारुण्यात गेले आणि मागं हे घर, एक तान्हा मुलगा आणि कोर्टातले काही शब्द ठेवून गेले. घर आणि मुलगा यांचं पुढं सांगते. शब्द मात्र काकूंनी जपून वापरले. माझी आमटी चाखून "नामंजूर" म्हणायच्या. भाजीवालीला हाक मारायच्या ती "हाजीर हो!" अशी. आणि कुठलीही गोष्ट आज करायची नसली की एकच शब्द, "तहकूब." कपडे वाळत घालायचेत आणि आभाळ आलंय, तहकूब. मांजर घरात व्यायलंय आणि हुसकायचंय, तहकूब. गाव सरकारी कागदावर उस्मानाबाद होतं, पण काकूंच्या तोंडी कायम धाराशिव. "कागद बदलेल पुन्हा, तोंड कशाला बदलायचं," म्हणायच्या.

पाला गोळा करायला त्यांना कुणाची भीड नव्हती. कोर्टातले लिंब, शाळेचं मैदान, मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, कडा, सगळीकडं त्यांचं पोतं फिरायचं. मोंढ्यातून त्या करडईचं भूस आणायच्या. ते भयंकर काटेरी असतं. ते वाफ्याच्या कडेनं पसरलं की शेजारच्या कोंबड्या आत येत नाहीत. एकदा मी तांदूळ निवडायला नेमकी त्या कडेवर टेकले. त्यानंतर दोन दिवस मी उभ्यानंच जेवले आणि आमच्या ह्यांनी त्याचं कारण विचारलं तेव्हा उपासाचा नेम आहे म्हणून सांगितलं.

तर असा सगळा थट्टेचा कारभार. पण त्या पाल्यामागं त्यांचं एक पक्कं शास्त्र होतं आणि ते एका शब्दावर उभं होतं, वाफसा. पाऊस पडून गेला, माती पोटभर प्याली, जास्तीचं निथळलं, आता ती चिखलही नाही आणि धूळही नाही, अशी जी मधली वेळ असते तो वाफसा. शेतकऱ्याच्या लेकराला हे चालायच्या आधी कळतं. मी भिक्षुकाच्या घरची. आमचा मातीशी संबंध गणपतीची मूर्ती आणण्यापुरता.

"पांघरूण काय, कुणीही घालतं," काकू म्हणायच्या. "कधी घालायचं ते कळायला पाहिजे."

मग त्या वाफ्यातली मूठभर माती घ्यायच्या, तिचा लाडू वळायच्या आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायच्या. लाडू तसाच राहिला तर "तहकूब." फुटून मोकळा झाला तर "मंजूर," आणि लगेच खुरपून पाला पसरायला सुरुवात. लाडू वळलाच नाही, तर काही न बोलता हात झटकून आत जायच्या. तो दिवस वाईट जायचा.

"चिखलावर घातलंस तर बुडं कुजतात. कोरड्यावर घातलंस तर कोरडच सांभाळत बसशील, वरनं चार थेंब आले तर ते पालाच पिऊन टाकील. आत ओल आहे तवर झाकायचं. म्हणजे उन्हाळ्यात आड तळाला गेला तरी झाड तग धरतं. आणि खोडाला चिकटवू नको. चार बोटं मोकळी सोड, नाहीतर उधई चढती."

एका दिवाळीला मी त्यांना फराळाचं ताट नेऊन दिलं. त्यांनी माझा बेसनाचा लाडू उचलला, बघितला, आणि कमरेच्या उंचीवरून ताटात सोडला. तो फुटून मोकळा झाला.

"वाफसा उत्तम," म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना हसताना बघितलं ते फार वेळा नाही, म्हणून तो लाडू फुटल्याचं मला पुढं कधी वाईट वाटलं नाही.

वहिनी म्हणजे काकूंची सून. घरात दोघीच. मुलगा नव्हता. म्हणजे होता की नव्हता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत इथली पोरं निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जायची, तसा तोही गेला होता. लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं, वहिनी सोळा वर्षांच्या. पुढं निजामाचं राज्य गेलं, कॅम्प उठले, बाकीची पोरं घरी आली. तो आला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही.

त्यामुळं वहिनी सवाष्ण होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात बांगड्या, आणि एस.टी.चा भोंगा वाजला की पोळपाटावरचं लाटणं थांबायचं. अगदी जरासं. पोळी पुन्हा फिरायला लागायची. आमच्या भिंतीपलीकडून मला तो खटका ऐकू यायचा. सुरुवातीला मी आमच्या ह्यांना गमतीनं म्हणायची, "वहिनींच्या पोळीला भोंग्याची भीती वाटते." नंतर कळलं, तेव्हा तोंड आपोआप मिटलं.

वटपौर्णिमेला वहिनी नटून वडाला जायच्या, माझ्यासारख्याच. सूत गुंडाळायच्या, डोळे मिटून मागणं मागायच्या. काकू एरवी दारापर्यंत सोडायला यायच्या, पण त्या दिवशी कधी आल्या नाहीत. त्या दिवशी त्या कुदळ घेऊन परसात असायच्या. पेरायचं काही नसताना, खणायचं काही नसताना, नुसत्या खणत राहायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, आज सणाचा दिवस, राहू द्या की." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कुदळ पुन्हा मारली. ती माझ्या पायापासून फार लांब पडली नाही.

आणखी एक खोड होती. श्रावणात एक दिवस त्या दुपारपर्यंत काही खायच्या नाहीत. "पोट बरं नाही" म्हणायच्या. मग लिंबोणीच्या बुडाशी जाऊन तिथला पाला हातानं बाजूला करायच्या, एक भाताचा गोळा मातीवर ठेवायच्या आणि वरून पाला पुन्हा ओढायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "लिंबोणीला भात लागतो." मी लगेच माहेरी जाऊन ही युक्ती आईला शिकवली. आईच्या लिंबोणीला मुंग्यांचं वारूळ झालं आणि झाड गेलं. आई अजून म्हणते, तुझ्या धाराशिवच्या विद्येनं माझं झाड खाल्लं.

दरवर्षी दिवाळीनंतर काकूंचे धाकटे दीर तुळजापूरहून यायचे. काकू त्यांना भाऊजी म्हणायच्या, ते काकूंना वहिनी. गोरे, सौम्य, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. ओसरीवर बसून सुपारी कातरत एकच विषय काढायचे.

"वहिनी, पोराचं काय ते करून टाकू. बारा वर्षं थांबायचं शास्त्र आहे, पण थांबून तरी कोण येणार? त्याच्या जिवाला गती नाही. सुनेलाही आमच्याकडं घेऊन जाऊ. घर भरलेलं आहे, देवाचा स्वयंपाक आहे, तिची आबाळ व्हायची नाही."

"तहकूब," काकू म्हणायच्या.

"दरसाल तहकूब कसं चालेल?"

"वाफसा नाही आला, भाऊजी."

भाऊजी हसायचे, सुपारीची पूड तळहातावरून झटकायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. मी एकदा म्हटलं, भला माणूस दिसतो. काकू म्हणाल्या, "लई भला. हे गेले तेव्हा मला पण असंच घेऊन गेला होता. पोर हाताशी येऊन मला ह्या घरी परत आणीपर्यंत त्याच्या चुलीपुढं बसले होते. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. कुणी शब्दच बोललं नाही म्हण. पोळ्या किती झाल्या एवढं विचारायचे." आणि हाताचे उलटे पंजे माझ्यापुढं धरले. बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग होते.

त्याच सुमारास काकूंनी सुनेला शिकवायचं काढलं. आमचे हे संध्याकाळी वहिनींना गणित आणि व्याकरण शिकवायला बसायचे. गल्लीत कुजबुज झालीच. नवरा बेपत्ता आणि बाई पाटी घेऊन बसती. काकूंनी कुजबुजणारीला भर हळदीकुंकवात गाठलं. "सवाष्ण आहे ती. तिच्या नवऱ्याच्या घरी ती काय करती हे विचारायला नवरा येईल, तू कोण?" वहिनींनी सातवीची परीक्षा दिली, पुढं शिक्षिकेचं ट्रेनिंगही झालं. काकू त्यांच्या पुस्तकांना जुन्या लुगड्याचं कापड शिवून घालायच्या. मी म्हटलं, "काकू, पुस्तकालापण पांघरूण?" तर म्हणाल्या, "तुला पण एक शिवते. तोंडाला."

ह्या सगळ्यात एक दिवस मला जसाच्या तसा आठवतो. काकूंनी दोडक्याचं बी लावलं होतं. बी टाकलेल्या वाफ्यावर त्या पातळसा पाला घालायच्या आणि रोज सकाळी उचलून बघायच्या. कोंब दिसला की त्याच दिवशी पाला बाजूला. एका कोपऱ्यातलं बी त्यांच्या ध्यानातून गेलं. बऱ्याच दिवसांनी वहिनींनी तिथला थर उचलला तर खाली एक लांबच लांब कोंब निघाला. पांढराफटक. उजेड शोधत सरपटत गेलेला, मान मोडलेला.

वहिनी म्हणाल्या, "आई, ह्याला काठी लावू का? जगेल."

"जगत नाही तो," काकू म्हणाल्या. "माझी चूक झाली. झाकणारानं बी कुठं आहे ते विसरू नये." आणि तो कोंब उपटून टाकला. बराच वेळ हात धूत राहिल्या.

बारा वर्षं भरली. त्याच पावसाळ्यात वहिनींना दिवाळीच्या सुट्टीनंतर माकणीच्या शाळेत नोकरीवर हजर होण्याचा हुकूम आला. दिवाळीनंतर भाऊजी आले, सुपारी काढली, विषय काढला. आणि काकू म्हणाल्या, "मंजूर."

भाऊजींच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"ती माकणीला जाती. तुळजापूरला येणार नाही. हे कबूल असंल तर बोलवा गुरुजींना."

ज्याचा देह सापडत नाही त्याचं दहन पळसाच्या पानांचा माणूस करून करतात, एवढं मला वडिलांमुळं माहीत होतं. पण करताना कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. पळसाची पानं आणायला काकू स्वतः डोंगराकडं गेल्या. मीही गेले. एरवी पाला गोळा करताना त्या मूठमूठ ओढायच्या. त्या दिवशी एकेक पान देठासकट खुडायच्या, पालथं करून बघायच्या, किडकं असलं तर टाकायच्या. मी नेहमीप्रमाणं काहीतरी बोलून बघितलं. त्यांना ऐकू आलं नाही.

विधीची तयारी परसातच केली. पुतळा बांधायचा आणि मग पुरुषांनी ओढ्याकाठी नेऊन अग्नी द्यायचा, असं ठरलं होतं. गुरुजींनी देठांचे हात केले, देठांचे पाय केले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. लिंबोणीच्या शेजारी, उघड्या जमिनीवर, तो हिरवा माणूस निजलेला. भाऊजी सोवळं नेसून बसले. वहिनी पाण्याची कळशी घेऊन उभ्या. कपाळाला कुंकू होतं. ते आता शेवटचं, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या शांत होत्या. आदल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "निदान वाट बघणं तरी संपेल. आणि कधी आलेच, तर माकणी काय फार लांब नाही."

गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. गोत्र विचारलं, भाऊजींनी सांगितलं. नाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाले, "निधनतिथी अज्ञात. तेव्हा अमावास्या धरू. पुढं श्राद्धही अमावास्येलाच करत जा."

"अमावास्या नको," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, तिथी माहीत नसली की तसंच धरतात."

"नको म्हणते ना. त्याची तिथी सोडून दुसऱ्या दिवशी घास ठेवला तर त्याला पोचायचा नाही." त्या पुतळ्याकडं बघून बोलत होत्या, आमच्यापैकी कुणाकडंच बघत नव्हत्या. "श्रावण वद्य नवमी. दुपारच्या आधी गेला."

गुरुजींचा पळी धरलेला हात तसाच. माझ्या डोळ्यांपुढं लिंबोणीच्या बुडाचा भाताचा गोळा आला, आणि मुंग्यांची सगळी गोष्ट, जी मी दहा घरी हसून सांगितली होती.

वहिनींनी कळशी हळूच खाली ठेवली. थेंब सांडू दिला नाही.

"आई, तुम्हाला कसं ठाऊक?"

काकूंनी सांगितलं. येरमाळ्याकडचा एक जण, त्याच्याच बरोबर कॅम्पात असलेला, त्याच आठवड्यात लपतछपत येऊन सांगून गेला होता. डोळ्यांदेखत गोळी लागली. प्रेत उचलता आलं नाही. काकूंनी त्याला परसात बसवून जेवायला वाढलं आणि येडेश्वरीची शपथ घालून सांगितलं की, हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही. सून तेव्हा माजघरात मंगळागौरीला फुलं वाहत होती.

"बारा वर्षं, आई?"

"तू सोळा वर्षांची होतीस. भाऊजी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. ओल होती तवरच झाकलं गं."

"मग मी वडाला सूत कुणासाठी गुंडाळत होते?"

काकूंनी पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला.

"मला सांगितलं असतं तर मी तुमच्याजवळ बसून रडले असते. तुम्ही एकट्याच रडलात. मला भोंगे ऐकायला ठेवलंत." वहिनींचा आवाज चढला नव्हता. उलट खाली खाली जात होता. "झाकलंत ते कळलं. आणि काढायचं कधी होतं, आई?"

ह्या बाईला मी कुठल्या प्रश्नाला अडलेली बघितली नव्हती. ओठ हलले. मला वाटलं, तहकूब म्हणतील. त्या वाकून लिंबोणीच्या बुडाचा पाला सारखा करायला लागल्या.

मी पुष्कळ विचार केला त्यावर. सुनेला परीक्षेला बसवलं तेव्हा सांगता आलं असतं. ट्रेनिंग झालं तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगितलं की तो मेला असता. घरात एक माणूस तरी त्याची वाट बघत होतं तोवर काकूंचा मुलगा कुठंतरी होता, आणि मला वाटतं, पोळपाटावरचा तो खटका त्यांनाही ऐकू यायचा.

वहिनी आत गेल्या आणि कुंकू पुसून बाहेर आल्या, कुणी सांगायच्या आत. गुरुजींना म्हणाल्या, "श्रावण वद्य नवमी धरा." पुरुष पुतळा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं वहिनी माकणीला गेल्या. ट्रंक आमच्या ह्यांनी उचलली. काकू दारात उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना वाकून नमस्कार केला, रीत चुकवली नाही, आणि वळून बघितलं नाही.

त्यानंतर एक पावसाळा गेला. काकूंनी मातीचे लाडू वळले, वेळेवर पाला घातला, माझ्या आमटीला नामंजूर म्हणाल्या. पण भोंगा वाजला की आता त्यांचाच हात थांबायचा. वहिनी ना दिवाळीला आल्या ना संक्रांतीला.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा काकू मला म्हणाल्या, "मास्तरांना घेऊन एकदा माकणीला जाऊन ये. म्हणावं, आडाला अजून पाणी आहे. सुट्टीला ये म्हणावं. बाकी काही बोलू नको, तुला लई बोलायची सवय आहे."

आम्ही गेलो ते चैत्र सरता सरता. तेरणा नदीच्या अलीकडं काळ्या रानात गाव, एका टोकाला शाळा. वहिनींनी चहा केला. काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, लिंबोणी धरली का विचारलं. मी निरोप सांगितला, जेवढा दिला होता तेवढाच. त्यांनी कप विसळला, पालथा घातला.

"तहकूब म्हणून सांगा," म्हणाल्या.

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी काकूंच्या आवाजात म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आमचे हे म्हणाले, "काकूंना काय सांगणार?" माझ्या मनात एव्हाना चार गोड उत्तरं तयार झाली होती. बदली व्हायचीय, परीक्षा आहेत, पुढच्या सुट्टीला नक्की येते म्हणाल्या. असल्या गोष्टी रचण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. पण त्या घरात दयेनं रचलेली एक गोष्ट किती वर्षं चालली आणि कशी संपली, हे मी बघितलं होतं.

काकू ओसरीवर बसल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"तहकूब म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिच्या शाळेत झाडं आहेत का गं?"

"आहेत की. लिंबाची रोपं लावलीत पोरांनी."

"बुडाशी काय घातलंय?"

इथं तरी खोटं बोलावं असं फार वाटलं. "काही नाही, काकू. खराट्यानं झाडून लख्ख ठेवलंय सगळं. एक पान दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खराट्याच्या आवाजानं मला जाग आली. परसात काकू झाडत होत्या. वांग्यांच्या बुडाचं, मिरच्यांच्या वाफ्यातलं, लिंबोणीच्या आळ्यातलं, सगळं ओढून एका जागी करत होत्या. खाली माती अजून काळी, ओलसर होती. गांडुळं उघड्यावर वळवळत होती. चैत्र संपत आलेला, आड तळाला लागलेला. पांघरूण काढायला याहून वाईट वेळ सबंध वर्षात नव्हती, आणि हे त्या बाईइतकं गावात कुणालाच कळत नव्हतं.

"काकू, काय करायलात हे?"

"घाण झाली होती गं फार," काकू म्हणाल्या. कवेत भरून पाला उचलला आणि आमच्या बंबापाशी आणून टाकला. "मास्तरांना म्हणावं, अंघोळ करून घ्या."

पाणी लवकर तापलं.